कोळगावची वाडी आणि तिच्यातली गांडुळे

मी, दमयंती बन्सी खैरनार, वय ६८, राहणार कोळगाव, तालुका व जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. माझे दीर धीरज मला वेडी म्हणतात. त्यांचे वैद्यकीय शिक्षण झालेले नाही, याची नोंद घ्यावी.

बोईसरचा फ्लॅट आणि कोळगावची वाडी मी कारखान्याच्या पॅकिंग खात्यात उभ्याने केलेल्या नोकरीतून घेतली आहे. दोन्ही मिळकती स्वकष्टार्जित असून त्यांवर अन्य कोणाचाही हक्क नाही.

१. बोईसरचा फ्लॅट माझा एकुलता मुलगा विक्रम यास द्यावा. चौथा मजला आहे, सगळीकडे फरशी आहे. त्याला मातीचा त्रास होणार नाही.

२. निवृत्तीनंतर वाडी घेतली तेव्हा मला विळा कसा धरतात तेही ठाऊक नव्हते. गांडूळखत करणार म्हटल्यावर धीरजभावोजी म्हणाले, "वहिनी, लोक म्हातारपणी नातवंडं सांभाळतात, तुम्ही किडे सांभाळा." त्यांना माझे गांडूळपालनाचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीसह द्यावे. ते देणाऱ्या गृहस्थांनी दिवसभर पडद्यावर चित्रे दाखवली आणि टोपलीतले गांडूळ पेनाच्या टोकाने उचलले. भावोजींच्या भिंतीवर ते शोभेल.

३. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर मी पहिल्या वाफ्यात ताजे शेण भरून वर गांडुळे सोडली. सकाळी पाहते तो निम्मी मेलेली, उरलेली विटांवर चढून पळत होती. शेजारची प्रेमला चुरी कुंपणावरून ओरडली, "अवो मावशी, ताजं शेण आतून किती गरम हाय! शिजवलीत तुमी त्यांना!" पोटभर हसून झाल्यावर तिने मुरलेल्या शेणाची पाटी आणून दिली. ते हसणे मी माफ केलेले नाही. तरी माझी मोठी चाळणी तिलाच मिळावी. ती नेऊन परत करत नाही, हे एकदाचे कायदेशीर होऊ दे.

४. पुढे मी शिकले. ओल किती राखायची, मुंग्या कशा अडवायच्या, हे चुकत चुकत समजले आणि वाफे भरले. गेल्या वर्षी मी तापाने दवाखान्यात असताना विक्रमने मला न विचारता वाडी दाखवायला गोदामवाल्या गिऱ्हाइकाला आणले. वाफे पाहून गिऱ्हाइकाने नाक मुरडले, म्हणून माझ्या इंजिनियर मुलाने त्यांवर कीटकनाशक फवारले. मी परतले तेव्हा वाफ्यांतून औषधाचा वास येत होता आणि काही हलत नव्हते. विक्रम म्हणाला, "आई, किडेच तर होते. नवे आणून देतो." मी वाफ्याच्या कडेला बसून राहिले. रडले नाही, त्याच्यासमोर तर नाहीच.

माझी सून समिधा झुरळ पाहून खुर्चीवर चढणारी. ती साडी खोचून वाफ्यात उतरली आणि उघड्या हातांनी तळ उपसू लागली. किळस येऊन तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "समिधा, वर ये!" विक्रम ओरडला. "तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. लग्नानंतर तिला असे बोलताना मी प्रथमच ऐकले. कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटाखाली तिला थोडी जिवंत सापडली. ती तिने करवंटीत घालून माझ्या मांडीवर ठेवली. आजचे सगळे वाफे त्यांचेच आहेत.

५. सबब कोळगावची वाडी, घर, विहीर, वाफे व त्यांतील गांडुळे यांसह, समिधा विक्रम खैरनार हिच्या एकटीच्या नावे करावी. आजवर तिच्या एकटीच्या नावे काहीही नाही. ठेवावी की विकावी, ते तिने ठरवावे. मी अट घालत नाही.

६. विक्रमने अद्याप माफी मागितलेली नाही. यापुढे मागितली तरी वरील मजकुरात बदल होणार नाही. त्याला वाडीत यायचे असल्यास फाटकाशी थांबून समिधाला विचारावे. ती हो म्हणेल, मला माहीत आहे. तरी विचारावे.

ठिकाण: पालघर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) दमयंती बन्सी खैरनार

आमच्यासमक्ष सही केली:
१. देवू धर्मा मेहेर, मुरबे (सही)
२. स्नेहल दर्पण सावे, पालघर (सही)