सात जण, सात वार आणि बाबांचा पाय

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तू खुशाल आहेस, चिडलेली आहेस आणि माझं अक्षर पाहताच पाकीट फाडायच्या बेतात आहेस, असं धरून चालतो. मी खुशाल नाही. सकाळपासून येरझारा घालतोय. हे पत्रसुद्धा उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून लिहितोय (म्हणून ओळी उताराला लागल्यात).

माझा गणिताचा धंदा तुला ठाऊक आहे. थोडे बिंदू, थोड्या रेषा, आणि कुठलाही बिंदू दुसऱ्याच्या जागी नेला तरी फरक कळू नये अशा रचना. त्या शोधायच्या आणि त्यांची वर्गवारी लावायची. (काकांच्या मते ही नोकरी नव्हे, दुखणं आहे.) बाबांचा पाय प्लास्टरमध्ये गेला, त्यांच्याजवळ बसायला आपण सात जण निघालो, आणि मला राहवलं नाही. माझ्या रचनांतली सर्वांत देखणी रचना मी थेट बाबांच्या दारावर चिकटवली: सात माणसं, सात वार, रोज तिघं, आणि कुठल्याही दोघांची गाठ आठवड्यात नेमकी एकदा. कुणी कमी नाही, कुणी खास नाही. फक्त या 'कुठल्याही दोघांत' काका आणि तुझा नवराही येतात, हे ध्यानात राहिलं नाही. गुरुवारी ते अबोला धरून समोरासमोर बसले. तिसरा मी. बाबांची उशी किती उंच हवी याची बोलणी माझ्यामार्फत चालली, आणि बाबा उशीविनाच झोपले. मग मी काकांच्या जागी आत्या, भाऊजींच्या जागी काकू, अशा अदलाबदली करून पाहिल्या. रचना इतकी पक्की, की भांडण हटेना, नुसता वार बदलत राहिला. मला तर भरून आलं.

नेमकं तेव्हाच तू म्हणालीस, "मला वारबिर नको, मी रोज येते." त्याने सगळी सममिती मोडली असती, म्हणून मी म्हणालो, "ताई, तुझ्या जागी कुणीही बसलं तरी चालतं." आमच्या धंद्यात बिंदूची याहून मोठी स्तुती नाही. तू पिशवी उचललीस. भाऊजीही तुझ्यामागून गेले (त्यामुळे गुरुवार शांत झाला, हे मान्य करायला हवं).

असो. इथे काही अडलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. अडलंय. बाबा औषधाला तोंड उघडत नाहीत. दार वाजलं की मान उचलतात, बघतात, पुन्हा ठेवतात.

आणखी एक. काल तुझ्या जागी आत्याला बसवलं. तुझी शाल दिली, तुझ्यासारखाच बाबांच्या कपाळावर हात ठेवायला सांगितलं. बाबांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "ही नव्हे."

दारावरचा कागद मी काढून टाकलाय. भाऊजींनाही आण, उशीचं बघून घेऊ. तू रोज ये.