लांब केसांची अट

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय बकुडीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा ड्रायव्हर पत्र घेऊन आला आणि जिन्यातच उभा राहिला. "उत्तर घेऊनच या म्हणाल्यात" म्हणे. त्याला चहा पाजला आणि सांगितलं, उत्तर उद्या. फोनवर काही बोलायचं नाही असं वकिलांनी तुला बजावलंय, ते समजलं. लहानपणी अबोला धरला की आपण उशीखाली चिठ्ठ्या ठेवायचो, तशातली गत झाली. फरक एवढाच की तेव्हा चिठ्ठीत शिव्या असायच्या आणि आता 'आदरणीय ताई' असतं.

इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला. तिला पेपरातलं काही कळू दिलेलं नाही. पेपर बंद केलाय, टीव्ही 'बिघडलाय'. पण म्हातारी वस्ताद आहे. काल मी तिची नखं कापत होते, तर म्हणाली, "बकुडीचा फोटो बऱ्याच दिवसांत आला नाही गं पेपरात?" नखं मी कापायची, अंघोळ मी घालायची आणि नाव निघायचं तुझं. असो, ते आता अंगवळणी पडलंय. तिच्या खोलीच्या भिंतीवर तुझे सत्कार ओळीनं लावलेत. माझ्या पार्लरच्या उद्घाटनाचा एक फोटो होता, तो कॅलेंडरखाली गेला. कॅलेंडरही तुझ्याच निराधार मुलींच्या संस्थेचं.

पार्लर बरं चाललंय. परवा एक नवीन बाई आली. आरशात माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण? वाटत नाही हो." इतकी वर्षं हे वाक्य ऐकलं की लोकांना काय म्हणायचंय ते मला बरोबर कळायचं. या वेळी पहिल्यांदाच कळलं नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितेस, चौकशी समितीपुढं मी येऊन सांगावं की मी दर महिन्याला संस्थेत मुलींचे केस कापायला जात होते आणि मला तिथं कधी काही वावगं दिसलं नाही. घरच्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, असंही लिहितेस. वाचून गंमत वाटली. माझ्या शब्दाला वजन आहे हे तुझ्याकडून मी पहिल्यांदाच ऐकतेय.

शिवाय मी केस कापले कुठे? टोकं कापली. शाम्पूच्या कंपनीनं तुला नवी इमारत बांधून द्यायचं कबूल केलं तेव्हा मुलींचे केस कंबरेपर्यंत हवेत अशी अट घातली होती ना? कॅलेंडरला, जाहिरातींना, पिशव्यांवर छापायला. उवा झाल्या तरी कापायचे नाहीत. त्या पोरी दुपारभर एकमेकींच्या डोक्यात फणी घालून बसायच्या. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण मी ठरले पार्लरवाली. माझं डोकं आपलं लोकांच्या डोक्यापुरतं.

आणि ते 'मित्र-पालक'. कंपनीच्या एकेका साहेबाला एकेक मुलगी वाटून दिलेली. शनिवारी गाडीतून फिरायला न्यायची, आईस्क्रीम, फोटो. वॉर्डनबाई सोबत जाते म्हणाल्या तर त्यांना नको म्हटलं गेलं, कारण बाई शेजारी असली की फोटो मोकळे येत नाहीत. हे तूच मला हसत सांगितलं होतंस.

वॉर्डनबाईंना काढल्याचं ड्रायव्हर बोलला. बातमी त्यांनीच फोडली असं तुला कुणी सांगितलं? की आपला अंदाज? अंदाजावर माणसाच्या पोटावर पाय देऊ नये, बकुडे. जरा थांबायचं होतंस.

आई हाक मारतेय. समितीचं काय ते कळवते. वेळेवर जेव. ताण आला की तू उपाशी राहतेस, मला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी

बकुडी,

आशीर्वाद या वेळी शेवटी लिहिते. सगळं वाचून झाल्यावर हवे असले तर घे.

काल वॉर्डनबाई पार्लरमध्ये आल्या. मला वाटलं केस रंगवायला आल्यात. तर म्हणाल्या, "झाडायला-पुसायला कुणी हवंय का? मी सकाळी लवकर येईन." ज्या बाईनं शंभरेक मुली सांभाळल्या तिनं माझ्या दुकानातल्या केरसुणीकडं बघत हे विचारलं. मी खुर्ची दिली. त्या बसल्या आणि म्हणाल्या (तिथं सगळ्यांची ताई तूच), "काढलं त्याचं काही नाही. पण ताईंनी मला एकदा विचारायचं तरी होतं, की तुम्ही बोललात का म्हणून. मी नाही म्हटलं असतं आणि त्यांनी विश्वास ठेवला असता. एवढी वर्षं..." आणि उठून केरसुणी हातात घेतली.

त्या बोलल्या नव्हत्याच, बकुडे. मी बोलले.

आता सरळ सांगते, नाहीतर पुन्हा आईच्या खोकल्यावर घसरेन.

नोव्हेंबरात मी टोकं कापायला आले होते. शेंग खुर्चीत बसली होती. तीच ती, चवळीच्या शेंगेसारखी, सगळ्यांत लांब केसांची, कॅलेंडरच्या पहिल्या पानावरची. मी विचारलं, "किती कापू? दोन बोटं?" ती म्हणाली, "सगळे."

"वेडी का तू? एवढे सुंदर केस!"

"सगळे कापा ना काकू. मुलांसारखे."

"का गं?"

आरशात माझ्याकडं न बघता तिनं सांगितलं. गाडीत ते साहेब केसांत हात घालून बसतात. नको म्हटलं तरी. मग हात केसांतच राहत नाही. ती इतकंच म्हणाली आणि मान खाली घातली. नंतर म्हणाली, "केसच नसले तर दुसरी कुणी घेतील." आणि लगेच, "नको, दुसरी पण नको."

मी कात्री खाली ठेवली. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता ताईंना सांगू. तर तिनं माझा हात धरला. "ताईंना नका सांगू. त्यांना फार वाईट वाटेल. त्या किती करतात आमच्यासाठी."

आणि बकुडे, त्या क्षणी, ते पोर तसं बसलेलं असताना, माझ्या मनात काय आलं सांगू? मला तुझा हेवा वाटला. एवढं सोसूनही ही तुझीच काळजी करतेय. माझ्यासाठी कुणी असं गप्प राहिलं असतं का? हे माझ्या मनात आलं. त्याची लाज वाटते, पण आलं ते आलं.

तरी मी तुझ्याकडं आले. त्याच दुपारी. तू नव्या इमारतीच्या उद्घाटनाची आमंत्रणं बघत होतीस. तू सगळं ऐकलंस आणि काय म्हणालीस? "ताई, तू पुन्हा सुरू झालीस? लहानपणापासून तुला माझं चांगलं बघवत नाही." मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. खोटं बोलली असतीस तर भांडले असते गं. तू खरं बोललीस. पण माझ्या हेव्याचं खरं तू त्या मुलीच्या खऱ्यावर झाकण म्हणून ठेवलंस.

मग तू शेंगेला दुसरा मित्र-पालक दिलास. त्या साहेबाला कुणी जाब विचारला नाही. त्याला दुसरी मुलगी दिली गेली. आणि पुढच्या महिन्यात मला निरोप आला की आता केसांचं काम कंपनीची माणसं बघतील, तुम्ही येऊ नका.

मी आधी बालसंरक्षण कार्यालयात गेले. तिथला कारकून म्हणाला, "एवढी मोठी संस्था. त्यांच्याकडूनच तक्रार येऊ द्या." म्हणजे चोराला सांगा, चोरीची वर्दी दे. तेव्हा त्या बातमीदार बाईकडं गेले. ती माझ्याकडं केस कापायला येते, एवढीच ओळख. तिनं मुलींची नावं न छापता, बाकीच्या मुलींशीही बोलून, सगळं नीट तपासून छापलं. मी एकीचंच ऐकलं होतं. निघाल्या चार.

पेपर आला त्या सकाळी मी कोपऱ्यावर जाऊन तीन प्रती घेतल्या. एक पुरली असती. वर तुझा फोटो होता, कुठल्याशा कार्यक्रमातून घाईनं निघतानाचा, डोळे अर्धे मिटलेले. मी मनात म्हटलं, किती वाईट आलाय फोटो. आणि मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझा वाईट फोटो छापून आला होता. पार्लर उघडायच्या आधी बाकावर बसून मी तो चवीनं बघितला. मग खालचं वाचलं. चौथी मुलगी नऊ वर्षांची होती. ते वाचल्यावर मला पुढं काही वाचवेना.

म्हणून मला अजून कळत नाही, मी गेले ती त्या पोरीसाठी की तुझ्यावरच्या जळफळाटासाठी. रोज आरशासमोर उभी राहून दुसऱ्यांची डोकी बघते आणि स्वतःला हेच विचारते. उत्तर येत नाही. पण उत्तर येईपर्यंत थांबले असते तर शनिवार थांबले नसते.

शुक्रवारी समितीपुढं मी येईन. तू सांगितलेलं बोलणार नाही. हे वर लिहिलंय ते बोलेन.

वॉर्डनबाईंची माफी माग. तेवढं तरी कुणी वकील अडवणार नाही.

आशीर्वाद आहेत. घे किंवा ठेव.

ताई


रविवार, २ मार्च

प्रिय बकुडीस,

दोन आठवडे झाले, तू लिहिलं नाहीस, मीही नाही. तू समितीच्या सभागृहातून मागच्या दारानं निघून गेलीस तेव्हा पाण्याचा पेला तुझ्या हातातच होता. मी हाक मारणार होते. मारली नाही.

त्या दिवसाबद्दल मला एकदा लिहून टाकू दे. कंपनीचा वकील उभा राहिला तेव्हा मला माहीत होतं तो काय विचारणार. आधी माझं पार्लर केवढं ते विचारलं. मग तुझी संस्था केवढी. मग गोड आवाजात, "बाई, तुम्हाला बहिणीचा हेवा वाटतो, असं म्हटलं तर चुकेल का?"

मी म्हटलं, "नाही चुकणार. वाटतो. ती पाळण्यात होती तेव्हापासून वाटतो. आणि त्या मुलीनं जे सांगितलं तेही खरं आहे. माझा हेवा वजा करा, तिचं सांगणं तेवढंच राहतं."

तो कागद चाळत राहिला. मला वाटलं, जिंकले. आणि तेवढ्यात तू उठलीस. तुझा वकील तुझा पदर ओढायचाच बाकी होता. तू म्हणालीस, "ताईनं मला त्याच दुपारी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला इमारत हवी होती."



दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा काय? 'संस्थापिकेचं धैर्य'. मी कपाळावर हात मारला. खरं मी आधी बोलले, आणि कौतुक तुझं! हे कसं जमतं गं तुला? तुझे भावोजी म्हणाले, "अगं, तिचं सगळं गेलं, आणि तू मथळा बघतेस?" मग मलाच हसू आलं, आणि हसता हसता रडूही. धैर्य कसलं? इतक्या उशिरा बोललीस ते. धैर्य शेंगेचं, आणि तिचं नाव कुठं छापूनही यायचं नाही.

तुला बातम्या कळल्या असतीलच. त्या साहेबाला अटक झाली. ज्यांनी त्याला मुलगी बदलून दिली त्यांच्यावरही खटला होईल, आणि त्यात तूही आहेस. त्यातून मी तुला सोडवणार नाही, सोडवता आलं तरी. कंपनीनं इमारतीवरची पाटी एका रात्रीत उतरवली. मुलींना सरकारी बालगृहात हलवलंय आणि वॉर्डनबाईंना तिथं घेतलंय. तू त्यांच्या घरी जाऊन आलीस असं त्या म्हणाल्या. काय बोललात ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, म्हणजे विचारलं, पण एकदाच.

परवा मी तिथं गेले होते. शेंगेला विचारलं, "ताईंना भेटायचंय?" तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग मी निघताना म्हणाली, "आत्ता नको."

हे तुला लिहिताना मला आनंद व्हायला हवा होता. आयुष्यभर मी याचीच वाट बघितली होती, की तुला कुणीतरी नको म्हणावं. लिहिलं, आणि आनंद झाला नाही. 

आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पोरींना डॉक्टरांकडं नेलं का?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "आणि ही कुठं राहते आता?" संस्थेतली खोली तुझ्याकडून काढून घेतली, हे तिनं बरोबर ताडलं.

तर ये. मागची खोली मी रिकामी केलीय. तिथं पार्लरचे डबे होते, त्यांचा वास अजून येतो, खिडकी उघडी ठेवावी लागेल. आईची अंघोळ मीच घालीन, ते काम मी देणार नाही. तिची नखं तू काप. तिचे पाय दुखतात तेही तू दाब. आणि ती तुझं कौतुक करायला लागली तर मी उठून स्वयंपाकघरात जाईन, त्याचा राग मानू नकोस. हेवा माझा जायचा नाही, आणि आता लपवायचाही नाही.

गाडी आता नसणार, म्हणजे बसनं येशील. थांब्यावर मी उभी राहीन. लोक बघतील, काहीबाही बोलतील. मी तुझी पिशवी घेणार नाही, तुझी तू घे. पण घरापर्यंत तुझ्या शेजारून चालेन.

हेवेखोर, आणि तरीही तुझी सख्खी,
ताई