मंदाबाईंच्या बोटीवरची कोजागिरी

१६ सप्टेंबर १९९८, बुधवार

पोचलो एकदाचे बडोद्याला. मी, आई आणि लोणच्याच्या बरण्यांसकट आईचं सगळं बिऱ्हाड. मिरजेपासून आईचं एकच पालुपद चालू होतं की पितृपक्षात कुणी नवी नोकरी धरतं का. मी म्हटलं, पितरांना विजेतलं काय कळतंय, ते कशाला आड येतील. प्रतापनगरला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे खोली मिळाली आहे. घरमालकीण गुजराती, पण भाजीच्या भावावरून तिचं आणि आईचं तासाभरात मेतकूट जमलं. बाबा गेल्यापासून आईला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं.

नोकरी पादरा गावाच्या रस्त्यावर, दत्ताजीरावांच्या शेतावर. त्यांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, हे त्यांनी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. शेतात मोठं तळं आहे. हल्ली जो तो वॉटर पार्क काढतोय, तर यांना तळ्यावर बोट क्लब काढायचा आहे. विजेचं सगळं काम माझ्याकडे. डिप्लोमावाली मुलगी पाहून त्यांनी नाक मुरडलं नाही. उलट म्हणाले, मोहनाबेन, तुम्ही आलात ते सारू झालं, आता फिकर नाही. सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात, मीही म्हणायला लागले.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज बोट पाहिली. लाकडी, छोटीशी. मधे काचेच्या खिडक्यांची बंद केबिन, आत समोरासमोर दोन बाकं. पुढे पांढऱ्या रंगात 'मंदा' लिहिलं आहे. मंदाबाई म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी. गेल्या वर्षी गेल्या. हृदय कमजोर होतं, असं ते म्हणाले आणि एकदम बदामाच्या भावावर बोलायला लागले.

जनरेटर कुठे आहे विचारलं तर नावाडी लक्ष्मणने केबिनमधल्या बाकाखाली बोट दाखवलं. मी कपाळाला हात लावला. बंद खोलीत इंजिन! आमचे तंत्रनिकेतनातले सर सांगायचे, डोळ्यांत जातो तो धूर परवडला, माणूस निदान उठून पळतो. खरा वैरी तो वायू, ज्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, झोप येते, गाल छान लाल दिसतात, आणि माणूस उठतच नाही. हे सगळं मी लक्ष्मणला ऐकवलं. तो नुसता पाण्याकडे बघत राहिला. माझं व्याख्यान डोक्यावरून गेलं असणार.

२३ सप्टेंबर, बुधवार

बसवला! बोटीच्या मागच्या टोकाला, उघड्यावर. खाली सागवानी फळी, फळीवर रबराचे गुटके, आणि चारी कोपऱ्यांत बोल्ट. धुराचं नळकांडं पाण्याकडे वळवून लांब केलं. पेट्रोलचा डबा पुढच्या टोकाला, इंजिनपासून लांब. केबिनची मागची झडप खिळे मारून बंद केली, म्हणजे वारा फिरला तरी धूर आत यायला नको. चालवून पाहिला. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण दिवे लख्ख. स्वतःची पाठ थोपटायला हात पुरेना.

रावसाहेबांनी जाहीर केलं की कोजागिरी बोटीवरच करायची, मंदाबाईंची ती दर वर्षीची रीत होती. आईलाही आमंत्रण आहे. घरी सांगितलं तर आईने लगेच केशर कुठे मिळेल विचारलं. बाबांच्या मागे तिने कोजागिरीचं दूध आटवलेलं नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी जनरेटर केबिनमध्ये. बाकाखाली, जिथे होता तिथेच.

लक्ष्मणला चांगला फैलावर घेतला. तो मेलडी मातेची शपथ घेऊन म्हणाला, बेन, माझा हात लागला नाही. ते धूड एकट्याने हलणारं नाही, हेही खरं. मग कुणी हलवलं? दोघांनी मिळून परत बाहेर नेला. बोल्ट घट्ट केले, वरून दुसरा नटही आवळला.

२८ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा आत.

आणि बोल्ट फळीतच आहेत. नट आवळलेले, माझ्या पान्याच्या खुणांसकट. जनरेटर मात्र त्यांच्यातून निघून आत गेलेला. मी शिकलेली बाई आहे, पण याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

दुपारी दिव्यांच्या तारा बघायला केबिनमध्ये बसले होते. ऊन रणरणत होतं, पण आत गारवा होता, दव पडल्यासारखा. मला पेंग आली. कुणीतरी बायका हळू आवाजात भजन म्हणत होत्या. मग एकीने अगदी मायेने विचारलं, कोण जागं आहे? लहानपणी कोजागिरीला आई आम्हाला असंच विचारायची, आणि पहिल्यांदा ओरडेल त्याला दुधाचा पहिला पेला. सवयीने तोंडातून निघून गेलं, मी!

डोळे उघडले तर केबिन रिकामी. चारी खिडक्या लावलेल्या. मी उघड्या ठेवल्या होत्या.

तेव्हापासून डोकं दुखतं आहे.

१ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आपट्याची पानं द्यायला लक्ष्मणकडे गेले आणि त्याला बोलता केला. आता वाटतं, नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

गेल्या कोजागिरीला मंदाबाई आणि त्यांच्या भजनातल्या तीन मैत्रिणी बोटीत होत्या. जनरेटर मागे उघड्यावरच होता. पण त्याच्या धडधडीत काठावर बसलेल्या रावसाहेबांना भजन ऐकू येईना. म्हणून त्यांनीच हुकूम सोडला, मशीन आत घ्या, वर सतरंजी टाका, आवाज दबेल. वर दव पडत होतं, म्हणून बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. थोड्या वेळाने भजन थांबलं. काठावरच्यांना वाटलं, दूध प्यायला बसल्या असतील.

उजाडताना लक्ष्मणने दार उघडलं. चौघी बसल्या जागी झोपलेल्या, गाल आत्ताच न्हाऊन आल्यासारखे लाल. जागायच्या रात्री झोपल्या बिचाऱ्या, असं म्हणून तो रडला.

पुढचं त्याने फार हळू सांगितलं. त्या अजून विचारतात. तो उत्तर देत नाही. उन्हाळ्यात गोविंद नावाच्या गुराख्याने थट्टेत उत्तर दिलं होतं, हूं जागुं छूं! काही दिवसांनी तो केबिनमध्ये सापडला. गाल लाल. जनरेटर तेव्हा बोटीत नव्हताच, दुरुस्तीला गेला होता.

मी त्याला सांगितलं नाही की मीही—

३ ऑक्टोबर, शनिवार

रावसाहेबांना तोंडावर सांगितलं, कोजागिरी बोटीवर होणार नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, मोहनाबेन, ती सगळ्यांना विचारते, मला एकट्याला विचारत नाही. वर्ष झालं, मी केबिनमध्ये जाऊन बसतो. म्हातारा माणूस मुलासारखा रडत होता. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली.

आईला सांगितलं, जायचं नाही. कारण काय सांगू? तिने बदाम भिजत घातले आहेत. गप्प झाली, बाबा गेल्यावर झाली होती तशी.

सोमवारी जनरेटरच शेतावरून घालवते. मूळच उपटलं की झालं.

५ ऑक्टोबर, सोमवार. दुपार

टेम्पो घेऊन आले आणि जनरेटर पादऱ्याला गॅरेजवाल्याच्या ताब्यात दिला. पोचपावती खिशात आहे. केबिनच्या काचा काढून गवतात ठेवल्या. डोकं ठणकतंय. पण मन हलकं आहे. आता घरी जाऊन आईबरोबर गच्चीत दूध पिणार.

संध्याकाळ

घरी कुलूप. घरमालकीण म्हणाली, रावसाहेबांची गाडी आली होती, तुमच्या माँजी खुश होऊन गेल्या, दुधाचं पातेलं घेऊन.

रिक्षाने तळ्यावर आले. बोट सुटतच होती. लक्ष्मण काठावर हात जोडून उभा, चढायला तयार नाही. वल्ही रावसाहेबांच्या हातात. आई आत बसलेली, नवी साडी. मला बघून केवढी हसली. मी उडी मारली.

चंद्र वर आला

तळ्याच्या मध्यावर आहोत. रावसाहेबांनी वल्ही पाण्यात सोडून दिली. आत येऊन बसले.

खिडक्यांना काचा आहेत. मी काढलेल्या काचा. दार ढकललं, लाथा घातल्या. हलत नाही. काचांवर पाना मारला, आवाजसुद्धा होत नाही.

बाकाखाली धडधड सुरू झाली. सतरंजीखालून यावी तशी, दबकी. खाली वाकून पाहिलं. काही नाही. नुसती फळी आहे. तिला हात लावला तर गरम—

जागी राहायला लिहिते आहे. टूलबॅगेत वही होती म्हणून.

समोरचं बाक रिकामं होतं. आता तिथे जागा नाही.

चौघींचं भजन थांबलं. विचारलं त्यांनी. रावसाहेबांना पहिलं. केवढे खुलले ते, म्हणाले, मी, मंदा, मी जागा आहे. आणि मान कलली. गाल—

अक्षर नीट येत नाही. आईचं डोकं माझ्या खांद्यावर आहे. गाल गरम. श्वास चालू आहे. चालू आहे. तिने अजून काही म्हटलेलं नाही. मी तर तेव्हाच म्हणून बसले, माझं काय ते होईल. पण आई नाही. आईने म्हणायचं नाही.

सांगते आहे तिला, आई, काही विचारलं तरी बोलू नकोस. तिला ऐकू जात नाही. झोपेत हसते आहे.

आता तिच्याकडे वळल्या. विचारतायत. किती मायेने विचारतायत, अगदी आईच्याच आवाजात. आईचे ओठ हलले. तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा, दोन्ही हात, पेन खाली—