चौदा तास वीस मिनिटं

प्रिय बडबडे,

पत्र कुरिअरने, तेही तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर आलेलं पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, तुझी आईही. ती हल्ली गॅरेजच्या काउंटरवर बसते आणि गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा जास्त झापते. काल माझ्या हातून एकच बोल्ट तीनदा खाली पडला. ती म्हणाली, वय झालं. मी म्हटलं, बोल्टचं.

तिकिटांच्या ऑफिसात जाऊन आलो. तुझं शहर किती लांब, विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, अकरा हजार सातशे किलोमीटर, चौदा तास वीस मिनिटं, मध्ये थांबा नाही. माझा घामेजलेला चेहरा पाहून म्हणाल्या, काका, पाणी घ्या. ज्याचं बॉनेट उघडून बघता येत नाही त्या गाडीत मी जन्मात बसलो नाही, हे त्यांना काय माहीत! पण घाम विमानाचा नव्हता. तू शाळेत झोपाळ्यावरून पडलीस तेव्हा मी स्कूटरवरून चार मिनिटांत पोचलो होतो. त्या चार मिनिटांत काय काय मनात आलं होतं, ते अजून आठवतं. चौदा तासांत काय येईल?

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मी बिघाड ओळखतो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. या कानांच्या जोरावर फुटपाथवरून शटरच्या दुकानात आलो. तुझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हाही कान लावलाच होता. किती मऊ बोलत होता! कुठे खरखर नाही, ठोका नाही. मी खूश होऊन पास केलं. अजिबात आवाज न करणारं इंजिन एकतर नवं असतं, नाहीतर बंद, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नाही. चूक माझी आहे, पोरी, तुझी नाही.

गेले पाच महिने रविवारच्या फोनवर तुझा आवाज पत्र्याच्या शेडमधून आल्यासारखा घुमतो. म्हणजे फोन स्पीकरवर असतो. तुझ्या शेजारी दुसरा श्वास असतो. प्रत्येक उत्तराआधी तू थांबतेस. तू, जी माझा प्रश्न पुरा होऊ द्यायची नाहीस! मागच्या रविवारी दारात किल्ली फिरली आणि तुझं हसू मध्येच तुटलं. आईला मी काही बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी तिकिटांचं ऑफिस गाठलं.

म्हणून हे पत्र. फोनवर हे विचारता येत नाही. येत्या रविवारी मी सहज विचारीन, तुझी जुनी सायकल भंगारात देऊन टाकू का? ‘देऊन टाका’ म्हणालीस तर माझे कान गेले असं समजेन, आणि पेढे वाटल्यासारखा हसेन. ‘राहू द्या’ म्हणालीस तर सोमवारच्या विमानात असेन. व्हिसा खिशात आहे. त्याआधीच जिवाला धोका वाटला तर रविवारची वाट पाहू नकोस, तुझ्या कचेरीतल्या मोठ्या बाईंकडे सरळ निघून जा. हा कागद तिथेच फाड, घरी नेऊ नकोस. आणि एक, त्या तिकीटवाल्या बाई सांगत होत्या, परतताना वारा पाठीवर असतो, तासभर कमी लागतो. परतीची मी दोन तिकिटं सांगून ठेवली आहेत.

तुझाच, कान लावून बसलेला,
बाबा