होकार की हुडहुडी

आदरणीय मामाजींना लोतरामचा गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार (गुडघ्याखाली बर्फ आहे).

तुमची कंबर, मामीचा खोकला आणि काळी गाय ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. फोन न करता पत्र धाडतोय याचा राग मानू नका. आपले देव माघात नेहमीप्रमाणे स्वर्गातल्या सभेला गेलेत आणि ते परतेपर्यंत गावात आवाज चढवायला बंदी आहे. तुमच्या कानाला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो असतो, तर गावाने मला वाळीत टाकलं असतं.

तर अशा मौनात फुलाचे वडील धालूराम आमच्याकडे आले. (फुला तीच, जिच्यापायी मी दोन स्थळं नाकारली. खरं तर त्यांनी मला नाकारलं, पण ते असो.) धालूराम उभा जन्म बसचे कंडक्टर. आमच्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव नाक्यावर ओरडून ओरडून त्यांनी गाड्या भरल्या, पण स्वतः कधी आत पाऊल टाकलं नाही. त्यांची अट अशी की, बर्फातलं उद्यान दाखव, मोनाल पक्षी दाखव, मग मुलीचं बोलू. त्यांची कुजबुजही ओढ्यापलीकडे जाते, म्हणून वेशीवरच त्यांच्याकडून पूर्ण मौनाची शपथ घेतली. सोबत फुला होती.

उद्यानात शिरलो आणि मोनाल दिसलाही. मी बोट दाखवलं, तर धालूराम थेट बोटाच्या दिशेने चालू लागले. तिकडे वाट नव्हती, बर्फाने भरलेली घळ होती. गेले काखेपर्यंत आत. खोटं कशाला सांगू, मला आधी मोनाल उडाल्याचं वाईट वाटलं. फुलाने आणि मी ओढून पाहिलं, तर ते आणखी खाली गेले. गाव हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची कुणी?

फुलाला त्यांच्यापाशी ठेवून मी गावात धावलो. तगडी माणसं वरच्या रानात लाकडं आणायला गेलेली, एक आरोळी ठोकली की खाली येतील. पंच जमले. आरोळीला देवाची परवानगी हवी असं ठरलं. देव ज्यांच्या अंगात येतात ते आपले झाबेराम टोपी काढून, केस मोकळे सोडून बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी डोळे उघडून ते कुजबुजले, "अरे, देव स्वर्गात आहे, येईल कुठून?"

"मग माघात परवानगी देतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणून तर बंदी टिकते."

यावर विचार करायला पंच पुन्हा बसणार होते, तेवढ्यात म्हातारी खेखी आजी गाईचा दोर घेऊन आली. "मेल्यांनो, तोंडाला बंदी आहे, पायांना नाही. चला."

घळीशी पोचलो तेव्हा धालूराम निळे पडले होते. दोर त्यांच्या काखेत अडकवला. मग काय सुचलं कोण जाणे, पंच साक्षीला आहेतच असं पाहून मी वाकून विचारलं, "फुला देणार ना मला?" धालूरामांनी जोरजोरात मान हलवली. मंडळी मला मिठ्या मारू लागली आणि दोर तसाच पडून राहिला.

फुला म्हणाली, "आधी वर काढा, नाहीतर सासरा फुकट जाईल."

आता ते माझ्या घरी लाकडं घालून पेटवलेल्या तंदूरशी शेकत बसून खुणेने सांगतात की, तो होकार नव्हता, हुडहुडी होती. गावात दोन तट पडलेत आणि भांडण नुसतं माना हलवून चाललंय. त्यात एका पंचाची मान लचकली. "मी हो म्हणतेय ते कुणी धरतच नाही का?" असं फुला विचारते, पण तिकडे कुणाचं लक्ष नाही. मामाजी, मला अन्न गोड लागत नाही. फुला नाही, तर मला दुसरी कुणी नको.

तुमचा भाचा,
लोतराम

ता. क. वाट बर्फाने बंद असल्यामुळे धालूराम कुठे जाऊ शकत नाहीत. तुम्ही मात्र कसेही करून, देव परतायच्या आत, गुळाची भेली घेऊन या आणि सोयरिक उरकून टाका. देव आले की यांना तोंड फुटेल.

ता. क. आणखी एक. पाकीट डकवण्याआधी धालूरामांनी पत्र ओढून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघत मान हलवली. तंदूर लाल झालाय आणि त्यांच्या अंगावर दोन घोंगड्या आहेत. गुळासाठी मी एक बोट वर केलं, तर त्यांनी माझं दुसरं बोट धरून उभं केलं. दोन भेल्या आणा.