भुसा म्हटलं तर येत नाही

मंगळवार, चौदा तारीख (वार माझा, तारीख शिंपिणीची)

चि. हुप्प्यास,

आजीचे अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. तूही ठीक असशील. नसलास तरी कळवणारा तू नव्हेस. अक्षर शेजारच्या शिंपिणीचं आहे. मध्येच विचारते, "आजी, हे असं लिहिलेलं बरं दिसेल का?" म्हटलं, बाई, कापड तुझ्या मापाने काप, पत्र माझ्या तोंडाने लिही.

तर घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि त्याच्या नावापायी सगळ्यांची मती गुंग झालीय. रंग लाकडाच्या भुशासारखा, म्हणून तुझे आजोबा म्हणाले, भुसा. तुझी आई म्हणाली, टायगर. हा टायगर मांजर दिसलं की पलंगाखाली शिरतो! भुसा म्हटलं तर कान हलवत नाही, टायगर म्हटलं तर जांभई देतो.

परवा संध्याकाळी ते फाटकाबाहेर पळालं. मी दारात जाऊन तोंड उघडलं, तर भुसा आठवेना, टायगर आठवेना. दोन वर्षं गिळलेलं तेच बाहेर आलं: "हुप्प्याऽऽ, ये रे घरी!" पिल्लू लगेच पायाशी हजर. आता दुसऱ्या कुठल्या नावाला ओ देत नाही.

तू सुतारकाम सोडून मोबाइल दुरुस्तीला गेलास, तेव्हा आजोबा म्हणाले होते ना, हे नाव या घरात पुन्हा नको? म्हणून माझी पंचाईत. नाव बदलावं, तर...

शिंपीण विचारतेय, पुढे काय? म्हटलं, थांब, आठवतेय. आठवत कसलं! सांगावं की नाही, तेच ठरेना.

त्या हाकेला दोघं आले रे. एक पिल्लू. दुसरे तुझे आजोबा, सुतारकामाच्या शेडमधून, हातात रंधा तसाच, पायात एकच चप्पल, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी धावत. रस्त्याकडे बघत म्हणाले, "कुठंय?" मी पिल्लाकडे बोट केलं. तसेच शेडमध्ये परत गेले. बराच वेळ रंध्याचा आवाज नाही. जेवताना म्हणाले, "त्याला कळवायचं नाही हं." म्हटलं, "मला मेलीला कुठं लिहिता येतं?"

आता मोठ्याने हाक मारायची भीती वाटते, ते पुन्हा धावतील. नाव बदलावं, तर तेवढंही तुझं नाव घरात उरणार नाही. आणि काल शेडमधून ऐकू आलं, "हुप्प्या, बस इथं." कुत्र्यालाच म्हणत असतील, दुसऱ्या कुणाला म्हणणार? मला तर काही म्हणता काही कळेनासं झालंय.

काय नाव ठेवायचं ते तूच सांग. पण लिहून नको. मला वाचता येत नाही, आणि शिंपिणीने वाचलं तर गल्लीभर होईल. (हेसुद्धा लिही गं, गाळू नकोस.) येऊन सांग. फाटकातूनच ओरडून सांगितलंस तरी चालेल. शेडमध्ये ऐकू जातं.

तुझी, हाक आवरून बसलेली,
आजी
(सहीच्या जागी अंगठा)