भोंग्यावरचा माझा आवाज

मंगळवार, नोव्हेंबर १९९३. अंबरनाथ.

मोरिवलीची ताराबाई आज सुनेला घेऊन आमच्या सरकारी प्रसूतिगृहात आली. पेशंटला गिऱ्हाईक समजा, असं मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी आम्हा कर्मचाऱ्यांना शिकवलं. म्हणून महिनाभर रिक्षाच्या भोंग्यावरून माझाच आवाज फिरतोय: "बाळंतपण घरी नको, इथे चोवीस तास डॉक्टर आहेत."

आज डॉक्टर नव्हते. रजेवर गेलेत, बदली कुणी आलंच नाही. नर्सने त्यांना शेजारच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे पाठवलं. वाटेतच मूल गेलं.

चोवीस तास. हे खरं आहे का, असं मी एकदाही का विचारलं नाही?

प्रसूतिगृहाच्या साहेबांना म्हटलं, डॉक्टर मिळेपर्यंत रिक्षा थांबवा. ते म्हणाले, "अहो, आत्ता कुठे पेशंट वाढतायत. चालू राहू दे."

संध्याकाळी ताराबाई माझ्याकडे आली. ओरडली नाही. "बाई, तुमी भोंग्यावर बोललात म्हून आनली. नायतर गावात सुईन व्हती." मग तिने विचारलं, "धाकटी सून बी पोटुशी हाय. तिला कुठं नेऊ?"

मी साहेबांच्या दाराकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "इथे आणू नका."